रहाट थांबू देऊ नका



आपली रविवारची मिस्सा चुकत नाही. रात्री घरात रोझरी होते, उपवासकाळही आपण पाळतो. तरीही कधीकधी मनात विचार येतो की, पाच वर्षांपूर्वी जिथे होतो तिथेच तर आपण उभे नाही ना? राग तोच, भावकीतला अबोला तोच आणि प्रायश्चित्त संस्कारात सांगायची पापेही तीच! प्रकटीकरणाच्या पुस्तकात लावदिकीया येथील ख्रिस्तसभेला प्रभू हाच दोष देतो. ती थंड नाही, उष्णही नाही, कोमट आहे (प्रकटी ३:१४-२०). आपल्याला काही कमी नाही असे तिला वाटत होते, हाच तिचा खरा आजार होता.

हा आजार संतांनाही चुकला नाही. आविलाची संत तेरेजा हिचे उदाहरण घेऊ या. स्पेनमध्ये १५१५ साली जन्मलेली तेरेजा १५३५ साली कार्मेल मठात दाखल झाली. मठात लोकांची ये-जा असे. भेटीगाठी आणि गप्पांत तिचा बराच वेळ जाई. हळूहळू तिचे मन प्रार्थनेतून उडाले. ‘माझ्यासारख्या पापी बाईने देवाजवळ कोणत्या तोंडाने जावे?’ असे म्हणून तिने एक वर्षाहून अधिक काळ वैयक्तिक मनन-प्रार्थना सोडून दिली. ही नम्रता नव्हती, तो सैतानाचा मोठा फसवा डाव होता, असे पुढे तिनेच आपल्या आत्मचरित्रात कबूल केले आहे.

विशेष म्हणजे तिनेच आपल्या वडिलांना मनन-प्रार्थना शिकवली होती. वडील प्रार्थनेत पुढे गेले आणि शिकवणारी मागे राहिली! आपले काही वेगळे आहे काय? आपण मुलांना धर्मशिक्षणाला पाठवतो, रोझरीला बसवतो. परंतु आपण स्वतः देवाशी मनापासून शेवटचे कधी बोललो?

वडिलांच्या मृत्यूनंतर, १५४३ च्या सुमारास, एका धर्मगुरूंनी तिला प्रार्थना पुन्हा सुरू करण्यास सांगितले. तिने ती सुरू केली आणि पुन्हा सोडली नाही. पण मन लगेच रमले असे नाही. प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच आपले कान लागलेले असत, असे ती प्रांजळपणे लिहिते. अशी अनेक वर्षे गेली. मग १५५४ साली, जखमांनी भरलेल्या ख्रिस्ताच्या प्रतिमेसमोर तिचे हृदय पिळवटून निघाले आणि तिचे जीवन पालटले. १५६२ साली तिने आविला येथे संत योसेफाचा मठ स्थापन केला. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली महिला.

प्रार्थनेविषयी तेरेजाने बागेचा दाखला दिला आहे. बागेला पाणी चार प्रकारे मिळते: विहिरीतून बादलीने उपसून, रहाटाने, ओढ्याच्या पाटाने आणि पावसाने. वसईच्या वाड्यांत विहिरीवर फिरणारा रहाट आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही, तो देवाच्या कृपेचा भाग आहे. पण विहिरीवर जाणे आपल्या हाती आहे. कधी विहीर कोरडी असते, तेव्हाही माळ्याने आपले काम सोडू नये. पाण्यावाचूनही बाग जगवणे देवाला जमते, असे तेरेजा सांगते.

म्हणून आपण एक फरक ओळखू या. प्रार्थनेत गोडी न वाटणे म्हणजे साचलेपण नव्हे. ती कोरड आहे आणि ती संतांनाही सोसावी लागली. विहिरीवर जाणेच बंद करणे, हे खरे साचलेपण होय.

या आठवड्यात आपण काय करू शकतो?

१. रोज दहा मिनिटे ठरलेल्या वेळी येत्या रविवारच्या शुभवर्तमानाचे वाचन व मनन करू या. मन लागो वा न लागो, वेळ पूर्ण करू या.

२. ‘आधी सुधारतो, मग देवाकडे जातो’ असे न म्हणता प्रायश्चित्त संस्कारासाठी जाऊ या. सगळ्या सवयींशी एकदम झगडण्याऐवजी एकच सवय निवडू या. अबोला असेल, तर पहिला शब्द आपण बोलू या.

३. एकट्याने वाटचाल करू नये. प्रार्थनेची सुरुवात करणाऱ्यांनी त्याच वाटेवरच्या माणसांशी मैत्री करावी, असा तेरेजाचा सल्ला आहे. पतिपत्नीने, शेजाऱ्यांनी वा लहान ख्रिस्ती समूहातील दोघांतिघांनी एकमेकांना विचारावे, ‘या आठवड्यात प्रार्थना झाली का?’

लावदिकीयाच्या कोमट ख्रिस्तसभेला प्रभूने टाकून दिले नाही. तो तिच्या दाराशी उभा राहून ठोठावत होता. आज तो आपल्या दाराशी उभा आहे.

हे प्रभू येशू, आमची बाग सुकली असली तरी ती तुझीच आहे. आम्हांला पुन्हा विहिरीवर यायचे बळ दे. आमेन.