रेल्वे स्टेशनवर कान उघडे ठेवा
(परिसर अभ्यास, इयत्ता सातवी)



आपल्या शिरपूरला अजून आगगाडी नाही. आपले येणे-जाणे सगळे एस.टी.चे. मुंबई-आग्रा रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात, पण रूळ पाहायचे म्हटले की नरडाण्याला जावे लागते. सन २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. हा मार्ग धुळ्यावरून आपल्या शिरपूरकडून पुढे मध्य प्रदेशात जायचा आहे. म्हणजे आज ना उद्या आपल्याकडेही गाडी येणार. पण मोठ्या स्टेशनवर काय काय घडते आणि तिथे कसे वागावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नाही. ते आधीच शिकून ठेवलेले बरे. म्हणून गुरुजींनी मला हा पाठ लिहायला सांगितला.

जळगाव स्टेशनवर चार तास

माझे मामा फौजेत आहेत. जानेवारीत ते सुटीवर यायचे होते. त्यांना घ्यायला मी आणि आजोबा चोपड्यावरून एस.टी.ने जळगावला गेलो. प्लॅटफॉर्म तिकिटे काढून आत जातो न जातो तोच वर भोंग्यातून आवाज आला. दिल्लीकडून येणारी मामांची गाडी चार तास उशिरा धावत होती.

आजोबा म्हणाले, "इथे तर लख्ख ऊन पडलंय. मग गाडीला झालं काय?"

जवळच लाल शर्ट आणि दंडावर पितळी बिल्ला असलेले एक हमालकाका बसले होते. ते म्हणाले, "बाबा, धुकं तिकडं वर उत्तरेत आहे. ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही, म्हणून गाडी हळू चालवतात. तिकडे गेलेला वेळ इथं भरून निघत नाही."

मग आम्ही बाकावर बसून स्टेशन पाहू लागलो. जळगावला जंक्शन म्हणतात, कारण इथे दोन मार्ग मिळतात. एक मुंबईहून भुसावळकडे जाणारा मध्य रेल्वेचा मोठा मार्ग. दुसरा सुरतेकडून नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव असा येणारा मार्ग. आपल्या नरडाण्याची लाईन ती हीच.

त्या चार तासांत आम्ही किती तरी गोष्टी पाहिल्या. चहावाले ओरडत होते. एक गाडी दोनच मिनिटे थांबली आणि तेवढ्यात पन्नास माणसे उतरली व साठ चढली. एक मालगाडी न थांबता धडधडत गेली, तेव्हा आमच्या पायांखालची फरशी थरथरली. एक बाई पोराला शोधत रडत होती. रेल्वे पोलिसांनी त्याला पाण्याच्या नळापाशी शोधून काढले. एक गृहस्थ पूल चढायचा कंटाळा करून रूळ ओलांडायला निघाले. पोलिसाने शिट्टी वाजवून त्यांना मागे फिरवले.

एक गाडी अडली की दहा का अडतात ?

रस्त्यावर एस.टी. पुढच्या बैलगाडीला बाजूने ओलांडून जाऊ शकते. आगगाडीला तसे करता येत नाही. ती रुळांना बांधलेली असते. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून मार्गाचे तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. पुढचा तुकडा मोकळा झाला म्हणजेच मागच्या गाडीला सिग्नल मिळतो. लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो, थांबायच्या तयारीने या. हिरवा म्हणजे खुशाल जा.

आता समजा, एका गाडीत कोणी उगाच साखळी ओढली. ती गाडी तुकड्यात अडकली. मागची थांबली, तिच्या मागची थांबली. कोणाची परीक्षा चुकते, कोणी दवाखान्यात वेळेवर पोहोचत नाही. म्हणून विनाकारण साखळी ओढणे हा गुन्हा आहे. सन १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

साखळी ओढल्यावर काय होते तेही समजून घेऊ. सगळ्या डब्यांखालून एक नळी गेलेली असते. तिच्यात दाबलेली हवा असते. साखळी ओढली की त्या नळीतली हवा बाहेर पडते, दाब कमी होतो आणि चाकांना ब्रेक लागतात. ब्रेक घट्ट बसले की चाकांपाशी ठिणग्या उडू शकतात, धूर निघू शकतो, जळका वास येऊ शकतो. डब्यात बसलेल्या माणसाला वाटते, आगच लागली.

बोरांची पाटी

तीन तास झाले असतील. एकाएकी कोणी तरी ओरडले, "गाडी उनी! गाडी उनी! तिकडच्या फलाटावर!" झाले, सगळे उठले. पेट्या, वळकट्या, पोरेबाळे घेऊन जो तो जिन्याकडे धावला. मीही उठलो. पण आजोबांनी माझे मनगट घट्ट धरले. म्हणाले, "थांब. ओरडणारा कोण, ते ठाऊक आहे का तुला? आधी भोंग्याचं ऐकू."

मला राग आला. गाडी चुकली तर मामा आम्हांला शोधत बसतील, असे वाटले. जिन्यावर रेटारेटी सुरू झाली. एक म्हातारी आजी पायरीवर पडली. तिच्या डोक्यावरची बोरांची पाटी सांडली आणि लोक बोरांवर पाय देत वर गेले.

तेवढ्यात भोंगा बोलू लागला. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सांगितले, गाडी ठरलेल्या फलाटावरच येणार आहे आणि तिला अजून वेळ आहे. लोक एकमेकांची तोंडे पाहत परत खाली आले. पहिल्यांदा कोण ओरडले, ते कोणालाच सांगता येईना. आम्ही आजीला उठवून बसवले. गुडघा खरचटला होता. हमालकाकांनी पाणी आणून दिले. मी बोरे वेचली, पण निम्मी चेंगरून गेली होती. आजी म्हणाली, "बोरं गेली तर गेली, हाड मोडलं नाही हेच नशीब."

त्यानंतर तासाभराने मामा आले.

परधाड्याचा अपघात

घरी येताना एस.टी.त मी मामांना हा प्रकार सांगितला. मामा एकदम गंभीर झाले. म्हणाले, "आजोबांचं ऐकलंस हे फार चांगलं केलंस. अशाच एका ओरडण्यापायी याच जळगाव जिल्ह्यात माणसं मेलीत." शाळेत आल्यावर गुरुजींनी त्या अपघाताची सगळी हकीगत आम्हांला समजावून दिली. ती अशी :

तारीख २२ जानेवारी २०२५. वेळ सायंकाळची. लखनौहून मुंबईला जाणारी पुष्पक एक्सप्रेस जळगाव सोडून पाचोऱ्याच्या दिशेने चालली होती. माहेजी आणि परधाडे या स्टेशनांच्या दरम्यान, डब्याला आग लागली अशी हूल उठली. कोणी तरी साखळी ओढली. गाडी थांबली. भ्यालेली माणसे धडाधड खाली उतरली. पुष्कळ जण शेजारच्या रुळांवर उतरले. त्याच वेळी त्या रुळांवरून बंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस आली. तिच्याखाली सापडून किमान १२ माणसे मेली आणि अनेक जखमी झाली.

आणि आग? आग लागलेलीच नव्हती.

कर्नाटक एक्सप्रेस थांबली का नाही, असा प्रश्न आम्ही विचारला. गुरुजींनी सांगितले, आगगाडीचे चाक लोखंडाचे आणि रूळही लोखंडाचा. दोन्ही गुळगुळीत, म्हणून घर्षण कमी. त्यात शेकडो टनांचे वजन. वेगात असलेल्या गाडीला ब्रेक लावले तरी ती पूर्ण थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागू शकते. ड्रायव्हरने माणूस पाहिला तरी त्याच्या हातात काही उरत नाही.

पुलावरची गर्दी

हूल नसली तरी नुसती गर्दीही घात करते. मुंबईत एल्फिन्स्टन रोड नावाचे स्टेशन होते. त्याला आता प्रभादेवी म्हणतात. तिथे २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी जोराचा पाऊस आला. लोक भिजायला नको म्हणून पादचारी पुलावरच थांबले. तेवढ्यात लोकल गाड्या येत गेल्या आणि मागून आणखी माणसे चढत गेली. पुढच्यांना उतरता येईना, मागच्यांना थांबता येईना. चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. पुढे लष्कराच्या जवानांनी तिथे नवा पूल बांधला. तो फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. म्हणून जिन्यात कधी उभे राहू नये.

एका खऱ्या आवाजाने वाचवले

आता एक उलट गोष्ट. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी प्रवाशांवर गोळीबार केला. (या स्टेशनला सन २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात.) तिथे श्री. विष्णु झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक कामावर होते. उद्घोषक म्हणजे भोंग्यातून गाड्यांची माहिती सांगणारा. आपल्या कक्षाच्या काचेतून त्यांना काय चालले आहे ते कळले. ते खुर्ची सोडून पळाले नाहीत. माईकवरून ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की प्रवाशांनी इकडे येऊ नये, मागच्या बाजूने बाहेर पडावे. लोकल गाड्यांतून उतरणाऱ्या लोकांनी तो आवाज ऐकला आणि ते दुसरीकडून बाहेर पडले. त्यामुळे पुष्कळांचे प्राण वाचले.

मित्रांनो, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. परधाड्याला कोणी तरी ओरडले. कोण, ते कळले नाही. लोकांनी ते खरे मानले आणि प्राण गेले. मुंबईला ज्याला माहिती होती आणि सांगायची ज्याची जबाबदारी होती, त्याने सांगितले. लोकांनी ते मानले आणि प्राण वाचले. म्हणून कान दोन्हीकडे असले तरी पाय उचलण्याआधी विचारावे, सांगतो आहे तो कोण?

लक्षात ठेवा

१. गाडी कोणत्या फलाटावर येणार ते भोंग्यावर ऐका, फलकावर पाहा. शंका आली तर रेल्वेच्या माणसाला विचारा.
२. रूळ कधीही ओलांडू नका. पुलावरूनच जा.
३. गर्दीत मोठ्यांचा हात सोडू नका. चुकामूक झाली तर आहात तिथेच थांबा आणि पोलिसाला सांगा.
४. डब्यात धूर दिसला तर आधी शेजारच्या डब्यात जा. उतरावेच लागले तर दोन्ही बाजू पाहा. ज्या बाजूला दुसरे रूळ आहेत, त्या बाजूला उतरू नका.
५. रेल्वेची मदत हवी असल्यास १३९ आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ हे फोन नंबर पाठ करा.

पालकांना नम्र विनंती : आपण स्वतः रूळ ओलांडलात तर मूलही तेच शिकेल. माझे आजोबा चार बुके शिकलेले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी माझे मनगट धरले, म्हणून मी त्या जिन्यावर नव्हतो.

स्वाध्याय

अ) जळगावला जंक्शन का म्हणतात ?
आ) धुके उत्तरेत असताना जळगावला गाडी उशिरा का येते ?
इ) ब्रेक लावताच आगगाडी लगेच का थांबत नाही ?
ई) तुमच्या घरातील कोणी हूल ऐकून कधी धावले आहे काय ? विचारून पाच ओळी लिहा. चांगल्या ओळी पुढच्या अंकात लावू.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी