बालशिक्षिकेची घडण

लहान मुलांना शिकविण्यास विशेष तयारी लागत नाही, असा समज समाजात दीर्घकाळ रूढ आहे. वस्तुतः मुलाचे वय जितके कोवळे, तितकी शिक्षिकेची तयारी पक्की असावी लागते. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नमूद केले आहे.

महाराष्ट्राला या कार्याची परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. जी मुले बालवाडीत येत नसत, त्यांच्या वस्तीतील अंगणातच वर्ग भरू लागला. त्यातून ‘अंगणवाडी’ साकारली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला गेले. परिसरातील खडे, पाने, शिंपले हीच तेथील शैक्षणिक साधने होती. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर पोहोचविली. तथापि पोषण, लसीकरणास साहाय्य आणि नोंदवह्या यांच्या व्यापात शिक्षणाचा भाग अनेकदा मागे पडला.

ही उणीव दूर करण्यासाठी नव्या धोरणाने बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तर त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचविली आहे. काम न सोडता, दूरशिक्षणाद्वारे तो पूर्ण करावा व महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग व्हावा, अशी ही योजना आहे. प्रशिक्षणाची खरी कसोटी या एका दिवसातच आहे. बालविकासाचे टप्पे दूरशिक्षणाने समजतील. परंतु गप्प बसलेले मूल भुकेले आहे, भ्यालेले आहे की त्याला भाषा उमगत नाही, हे ओळखण्याची दृष्टी मुलांच्या सहवासातच येते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात या दृष्टीची निकड स्पष्ट दिसते. कन्नड, सोयगाव भागांतील तांड्यांवरील मूल घरी गोरबोली बोलते; शहराच्या अनेक वस्त्यांत दखनी उर्दू कानी पडते. अशा मुलाला थेट प्रमाण मराठीत बडबडगीत शिकविल्यास ते मुके होते. त्याच्या बोलीतील शब्द प्रथम स्वीकारून त्याला हळूहळू मराठीकडे नेणे, हे प्रशिक्षित शिक्षिकेचे कौशल्य होय. येथील शेतातील मक्याची कणसे व कापसाची बोंडे मोजण्यास, लहान-मोठे ओळखण्यास पुरेशी असतात. महागडा संच अनिवार्य नसतो.

म्हणून मासिक वर्ग सभागृहाऐवजी एखाद्या चालू अंगणवाडीत घ्यावा. सकाळी निरीक्षण करावे व मुले घरी गेल्यावर त्यावर चर्चा व्हावी. पर्यवेक्षिकांनी नोंदवह्यांइतकाच वेळ मुलांच्या खेळाला द्यावा. प्राथमिक शिक्षकांनी पहिलीत येणाऱ्या मुलांविषयी सेविकेशी बोलावे. ग्रामपंचायतीने त्या दिवशी मुलांची व्यवस्था पाहावी, पालकांना एकत्र बोलवावे आणि सेविकेवरील इतर कामांचा भार हलका करावा. सेविकेला शिक्षिकेचा मान गावाने दिला, तरच प्रमाणपत्रातील विद्या मुलांपर्यंत पोहोचेल.