काशी दूर, कृष्णा जवळ

प्रश्न : पाचगणीत हॉटेलात नोकरी करतो. ७६ वर्षांच्या आईला काशी घडवायची आहे. रजा नाही, पैसाही नाही. कर्ज काढू का?

उत्तर : मुळीच नको. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रा सांगितली आहे, तीच मुळी यज्ञाचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी. मग यात्रेपायी सावकार कशाला? आईंना क्षेत्र महाबळेश्वरला न्या. पंचगंगा मंदिरात कृष्णेचं उगमतीर्थ आहे. दुसऱ्या सुट्टीला पसरणी घाट उतरून वाईला ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट. सकाळी लवकर जा, आईंना निवांत बसू द्या, फोटो नंतर. (व्हीआयपी दर्शनापेक्षा हे बरं.) पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे; आईंचं आधारकार्ड तेवढं सोबत ठेवा.