बालपुस्तकांतून स्थलांतराचा इतिहास

राष्ट्राचा इतिहास शिकविताना राजवटी, लढाया आणि कायदे यांना जे स्थान मिळते, ते माणसांच्या स्थलांतराला क्वचितच मिळते. वास्तविक अनेक राष्ट्रांची घडण आपला मुलूख सोडून आलेल्या माणसांच्या श्रमांतून झालेली आहे. अमेरिका हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथील अनेक प्राथमिक शाळांतून हा विषय बालपुस्तकांच्या साहाय्याने शिकविला जातो. या पद्धतीचे गुण आणि तिच्या मर्यादा यांचा परिचय आपल्याकडील शिक्षकांना व पंचायत सदस्यांना उपयुक्त ठरावा.

संख्येमागील माणूस

न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर १ जानेवारी १८९२ रोजी आप्रवासी तपासणी केंद्र सुरू झाले. १९५४ मध्ये ते बंद होईपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख लोक तेथून अमेरिकेत गेले. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एवढ्या मोठ्या आकड्यावरून काहीच बोध होत नाही. परंतु या केंद्रातील पहिली नोंद ॲनी मूर या आयरिश मुलीची होती आणि ती आपल्या दोन भावांना घेऊन आई-वडिलांकडे निघाली होती, असे सांगताच तो सावरून बसतो.

बार्बरा कोहेन यांचे १९८३ मधील ‘मॉलीज पिलग्रिम’ हे पुस्तक हेच कार्य करते. रशियातून आलेल्या मॉली या ज्यू मुलीच्या बोलण्याला वर्गातील मुली हसतात. ‘पिलग्रिम’ म्हणजे धर्मस्वातंत्र्यासाठी १६२० मध्ये अमेरिकेत आलेले आद्य वसाहतकार. त्यांची बाहुली करून आणण्यास शिक्षिका सांगतात, तेव्हा मॉलीची आई रशियन पेहरावातील, स्वतःसारखीच बाहुली तयार करते. धर्मामुळे छळ झाला म्हणून देश सोडणारी तीही पिलग्रिमच, हा अर्थ त्यातून वर्गाला उमगतो. राष्ट्राचा आरंभ आणि कालपरवा आलेले कुटुंब यांचा संबंध एका बाहुलीमुळे जुळतो.

दुसरे दार

एवढ्यावरच पाठ संपविला, तर मात्र चित्र अपुरे राहते. एलिस बेटावरील बहुतेकांची तपासणी काही तासांत उरकत असे. पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात असेच केंद्र होते. तेथील अनुभव निराळा होता. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली होती. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना मज्जाव झाला. ज्या थोड्या चिनी लोकांना कायद्याने येता येत असे, त्यांना आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनोन्‌महिने अडकवून ठेवीत. घराला पायऱ्या किती, गावातील विहीर कोठे, असे बारीकसारीक प्रश्न विचारून ते खरे कोण आहेत याची पारख केली जाई. तेथील लाकडी भिंतींवर त्यांनी कोरलेल्या कविता आजही पाहावयास मिळतात.

मिली ली यांच्या २००६ मधील ‘लँडेड’ या चित्रपुस्तकात अशाच एका चिनी मुलाची कथा आहे. वडिलांबरोबर अमेरिकेला जाण्यापूर्वी तो या प्रश्नांची उत्तरे घोकून ठेवतो. ‘मॉली’ वाचलेल्या वर्गाने ‘लँडेड’ वाचले, म्हणजे एकाच देशाच्या दोन दारांशी दोन प्रकारचे स्वागत का होते, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात. खरा इतिहासाचा पाठ येथून सुरू होतो. चिनी लोकांवरील बंदी १९४३ मध्ये उठली आणि देशवार कोट्याची पद्धत १९६५ च्या कायद्याने रद्द झाली, हे सांगितल्यास राष्ट्र आपली चूक दुरुस्तही करू शकते, हेही मुलांना कळते. एकच पुस्तक वाचल्याने अभिमान तरी निर्माण होतो किंवा खंत तरी. जोडीने वाचलेली दोन पुस्तके विचार करावयास लावतात.

वर्गातील पद्धती

प्रथम संपूर्ण पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे. मध्ये प्रश्न विचारू नयेत. नंतर नकाशावर प्रवासाचा मार्ग आणि फळ्यावर कालरेषा काढावी. त्यानंतर दोन रकाने आखून लेखकाच्या कल्पनेतील गोष्टी एकात व नोंदींनी सिद्ध झालेल्या गोष्टी दुसऱ्यात लिहवून घ्याव्यात. मॉली हे पात्र आहे. १८८२ चा कायदा ही वस्तुस्थिती आहे. हा भेद न शिकविल्यास गोष्टीलाच इतिहास समजण्याची सवय लागते.

एक पथ्य अवश्य पाळावे. वर्गात बाहेरगावाहून आलेले मूल असल्यास त्याला उभे करून आपली हकीकत सांगण्याचा आग्रह धरू नये. त्याने स्वेच्छेने सांगितले, तर ते लक्षपूर्वक ऐकावे.

आपल्या राज्यातील संदर्भ

महाराष्ट्रात या विषयाला साहित्याची वाण नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि त्यांतून उल्हासनगर उभे राहिले. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या भारतीयांत मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दर हंगामाला कारखान्यांच्या परिसरात मुक्कामाला जातात. गावातील वृद्धांकडून अशा हकिकती मिळवून मुलांनीच लहान सचित्र पुस्तिका तयार केल्यास शाळेच्या ग्रंथालयात मोलाची भर पडेल.

या पाठाची कसोटी मात्र शाळेच्या दारातच लागते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये दाखला मिळण्यास विलंब झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी त्या कारणास्तव मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, अशीही तरतूद त्यात आहे. शाळा व्यवस्थापन समितीवरील पंचायत सदस्यांनी या दोन्ही गोष्टींकडे लक्ष पुरवावे. एंजल बेटावरील मुलाची कथा वर्गात वाचली जात असताना ऊसतोड कामगाराचे मूल दाखल्याअभावी दाराबाहेर थांबलेले असेल, तर तो पाठ व्यर्थ होय. त्याचे नाव त्याच दिवशी हजेरीपटावर चढले पाहिजे.