हवामानयंत्र मुके झाले तेव्हा

(बी. ए. अंतिम वर्ष, भूगोल)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या बिघाडावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु भूगोल हा माझा अभ्यासाचा विषय आहे आणि पाऊस हा आपल्या साऱ्या वाशीम जिल्ह्याचा जिव्हाळ्याचा विषय आहे. गेल्या पावसाळ्यात या दोहोंची गाठ आमच्या घरातल्या एका लहानशा पेटीपाशी पडली. त्या तीन दिवसांत मी जे शिकलो, ते विद्यार्थिमित्रांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

दोन पर्जन्यमापके

आमचे गाव मंगरूळपीर तालुक्यातले. अंगणात आबांचे जुने पर्जन्यमापक आहे. १२७ मिलिमीटर व्यासाचे तोंड, आत बाटली आणि सोबत खुणा केलेले काचेचे नळकांडे. आबा रोज सकाळी बरोबर साडेआठ वाजता पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. साडेआठ हीच वेळ का? तर आपल्या हवामान खात्याची पावसाची नोंद त्याच वेळी होते आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे लिहिला जातो.

पुण्याला नोकरीस असलेल्या थोरल्या भावाने दोन वर्षांपूर्वी घरी स्वयंचलित हवामानयंत्र आणून बसविले. गच्चीवर तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस मोजणारी उपकरणे आणि बैठकीच्या खोलीत आकडे दाखविणारी पेटी. पेटी घरच्या वाय-फायवरून ते आकडे इंटरनेटवर पाठविते, म्हणजे भाऊ पुण्यात बसून गावचा पाऊस पाहू शकतो. यातील पर्जन्यमापकात तराजूसारखी दोन इवलीशी भांडी असतात. एक भरले की ते कलंडते आणि दुसरे वर येते. प्रत्येक कलंडणे म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस.

ती रात्र

त्या रात्री नऊच्या सुमारास विजांचा कडकडाट सुरू झाला आणि पहाटेपर्यंत पाऊस कोसळत राहिला. वीज गेली आणि घरचा राउटर कायमचा बंद पडला. सकाळी पाहतो तो सोयाबीनच्या सऱ्यांत पाणी तुंबलेले. दुसऱ्या दिवशी नवा राउटर बसविला. नाव तेच ठेवले आणि परवलीचा शब्दही तोच ठेवला. तरीही भावाच्या पडद्यावर आदल्या रात्री आठ वाजेनंतरची जागा कोरीच!

“तुहं यंत्र मुकं झालं काय रे?” आबांनी विचारले.

मुके होण्याला वेळही मोठी अडचणीची निवडली होती. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी मानली जाते, हे प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. २०१७ सालापासून ‘महावेध’ प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आणि त्यांच्या नोंदींना महत्त्व आले. आमच्या घरच्या आकड्याला सरकारदरबारी काही मान नाही, हे आम्ही जाणून होतो. तरीही आपल्या शिवारात नेमके किती पाणी पडले, हे आपल्याला ठाऊक असावे, असे कोणत्या शेतकऱ्याला वाटणार नाही?

साखळीची एकेक कडी

मी उतावीळपणे पेटीचे ‘रीसेट’चे बटण दाबणार होतो. सुदैवाने त्याआधी आमच्या भूगोलाच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, “थांब. पेटीवर जे आकडे दिसतात, ते आधी कागदावर उतरवून घे. मग एकेक कडी तपासत जा.” हा सल्ला किती मोलाचा होता, ते पुढे येईलच.

गच्चीपासून पुण्यापर्यंत या निरोपाचा प्रवास चार टप्प्यांत होतो. गच्चीवरील उपकरणाकडून पेटीकडे (रेडिओलहरींनी), पेटीकडून राउटरकडे (वाय-फायने), राउटरकडून बाहेरच्या तारेवर आणि तेथून आकडे साठविणाऱ्या सर्व्हरकडे. कोणती कडी तुटली हे कळल्यावाचून दुरुस्ती करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

पहिली कडी. गच्चीवरील मापकात वाटीभर पाणी हळूहळू ओतले. पेटीवरचा पावसाचा आकडा वाढला. (ओतलेल्या पाण्याची नोंद करून ते पुढे वजा करावयास विसरू नये!) म्हणजे ही कडी शाबूत होती.

तिसरी कडी. मोबाईलवर वाय-फायने बातम्या उघडून पाहिल्या, त्या उघडल्या. येथे मी प्रथम फसलो होतो. मोबाईलचा स्वतःचा डेटा चालू असेल, तर वाय-फाय निकामी असूनही पान उघडते आणि आपली दिशाभूल होते. डेटा बंद करून पुन्हा पाहिले, तेव्हा खात्री पटली.

दुसरी कडी. राउटरला कोणकोणती साधने जोडली आहेत याची यादी त्याच्यातच पाहता येते. त्या यादीत घरचे मोबाईल होते, पण पेटी नव्हती. तुटलेली कडी सापडली!

कारण मौजेचे निघाले. नवा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर एकाच नावाने बोलत होता, शिवाय त्याची सुरक्षापद्धतही नवी होती. आमच्या पेटीला केवळ २.४ चा पट्टा आणि जुनी पद्धत एवढेच कळते. नाव आणि परवलीचा शब्द जुनाच, पण भाषा बदललेली! राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना निराळी नावे दिली, २.४ च्या पट्ट्यावर जुनी सुरक्षापद्धत ठेवली आणि पेटीला ते नाव सांगितले. पाच मिनिटांत आकडे पुण्याला पोहोचले.

पण दोन दिवसांनी वीज जाऊन आली आणि यंत्र पुन्हा मुके. या वेळी कारण वेगळे होते. वीज परतताच पेटी काही क्षणांत जागी होते, तर राउटरला सज्ज होण्यास दोनतीन मिनिटे लागतात. पेटी काही वेळा हाक मारते आणि उत्तर न मिळाल्याने गप्प बसते. राउटरला बॅटरीचा लहान आधार दिला, तेव्हा हा खोळंबा थांबला. ज्यांना तो खर्च नको, त्यांनी राउटर सुरू झाल्यावर पेटी एकदा बंद करून चालू करावी.

हरवलेले तीन दिवस

जोडणी झाली, पण गेलेल्या तीन दिवसांचे काय? आमच्या पेटीत तासातासाच्या नोंदी साठत नाहीत. मात्र महिन्याची एकूण बेरीज ती सांभाळते, आणि ‘रीसेट’ केले असते तर नेमकी तीच पुसली गेली असती. शेवटच्या पोहोचलेल्या नोंदीत ही बेरीज १०४.६ होती. मी उतरवून घेतलेला आकडा १९२.४. म्हणजे मधल्या काळात ८७.८ मिलिमीटर पाऊस झाला.

परंतु तो कोणत्या दिवशी किती? बेरजेला ते सांगता येत नाही. आबांनी न बोलता वही पुढे सरकवली. तीन सकाळच्या नोंदी अशा होत्या: ७१.२, ६.० आणि १२.४. बेरीज ८९.६. दोन्ही बेरजांत फरक १.८ मिलिमीटरचा. तोही समजण्यासारखा आहे, कारण धो धो पावसात भांडे कलंडत असताना थोडे पाणी मोजणीतून निसटते.

७१.२ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर ७१.२ लिटर, अर्थात एका एकरावर सुमारे २ लाख ८८ हजार लिटर पाणी. सोयाबीन का पिवळे पडले, हे त्या एका आकड्याने सांगितले.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. यंत्राचा दिवस मध्यरात्री बदलतो आणि आबांचा सकाळी साडेआठला. यंत्र चालू असते, तरी त्याने तो रात्रीचा पाऊस दोन तारखांत वाटून टाकला असता आणि कदाचित कोणत्याच तारखेला ६५ चा आकडा दिसला नसता. पाऊस तोच, दिवस कोठून मोजावा यावर त्याचे नाव बदलते! दोन नोंदवह्यांची तुलना करण्यापूर्वी हे पाहणे अगत्याचे आहे.

निरोपाचे मोल

मोजणे आणि कळविणे यांतील हे अंतर जुनेच आहे. १८५४ साली काळ्या समुद्रात वादळाने युद्धनौकांची हानी केली. त्यानंतर फ्रान्समध्ये हवामानाच्या नोंदी तारायंत्राने एकत्र आणण्याची व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ, १८६६ व १८७१ चे अपुरे मोसमी पाऊस यांच्यानंतर १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. विखुरलेली माणसे पाऊस मोजीत होतीच. उणीव होती ती नोंदी वेळेवर एका ठिकाणी पोहोचण्याची.

आपल्या जिल्ह्यास तर दाट नोंदींची विशेष गरज आहे. हा पाणलोटाचा प्रदेश आहे. काटेपूर्णेचे पाणी पूर्णा-तापीवाटे अरबी समुद्रास मिळते, तर अडाण व अरुणावतीचे पाणी पैनगंगेतून पुढे गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास. एका शिवारात धो धो आणि पलीकडच्या शिवारात ऊन, हा अनुभव येथे कोणास नाही?

एक गोष्ट शेवटी कबूल करतो. कोऱ्या राहिलेल्या तासांत अंदाजाने आकडे भरावेत, म्हणजे आलेख सलग दिसेल, असा मोह मला झाला होता. मी तसे सरांना विचारलेही. सर म्हणाले, “जेथे नोंद नाही, तेथे ‘नोंद नाही’ असे लिही. कोरी जागा हीसुद्धा एक खरी नोंदच असते.” मी तसेच लिहिले आणि खाली आबांच्या वहीतले तीन आकडे, त्यांचे म्हणून, वेगळे नोंदविले.

आता यंत्र व्यवस्थित बोलते. तरी सकाळी साडेआठला मी आबांसोबत अंगणात उभा असतो. परवा त्यांनी काचेचे नळकांडे माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “आता तूच पाय. मले बारीक खुणा दिसत नाईत.” वहीच्या त्या पानापासून पुढचे अक्षर माझे आहे.