टर्बो गाडीची ताकद : रिमॅप करावे की बॉक्स लावावा?

गॅरेजच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. पूर्वी कार्ब्युरेटर किंवा डिझेलचा पंप उघडून जे काम होत असे, ते आता गाडीच्या संगणकामार्फत, म्हणजे ईसीयूमार्फत, करावे लागते. टर्बोच्या गाडीचे गिऱ्हाईक येते आणि 'पिकअप वाढवून द्या' म्हणते. त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. एक ईसीयूचे फ्लॅशिंग, ज्याला बाजारात रिमॅप म्हणतात. दुसरा पिगीबॅक, म्हणजे वायरिंगमध्ये जोडावयाचा लहान बॉक्स. ताकद दोन्हींनी वाढते. ती कशी वाढते हे ज्याला ठाऊक नाही त्याने हे काम अंगावर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी बॉक्सचे पाहू. कॉमन रेल डिझेल गाडीत रेलवरचा सेन्सर इंधनाचा दाब व्होल्टच्या रूपाने ईसीयूला कळवितो. बॉक्स या तारेत मध्ये बसतो. समजा खरा दाब १४०० बार आहे. बॉक्स १२५० सांगतो. ईसीयू दाब आणखी चढवितो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहतो आणि डिझेल जास्त पडते. दुकानदाराच्या नकळत कोणी काट्यात खोट करून वजन कमी दाखविले, तर तो बिचारा पारड्यात आणखी माल टाकील, तसेच हे आहे. पण डिझेल वाढले हे ईसीयूला माहीतच नसते, म्हणून तो टर्बोची हवा त्या प्रमाणात वाढवीत नाही. मग काळा धूर निघतो आणि एक्झॉस्टची उष्णता वाढते. टर्बो पेट्रोल गाडीत बॉक्स हवेच्या दाबाचा सेन्सर फसवितो. तेथे ऑक्सिजन सेन्सर आणि नॉक सेन्सर बरेच सावरून घेतात. हद्द ओलांडली की चेक इंजिनचा दिवा लागतो व गाडी लिम्प मोडमध्ये जाते. दोन-तीन सेन्सरवर एकदम काम करणाऱ्या चांगल्या बॉक्समध्ये हा दोष कमी होतो, पण जात नाही.

रिमॅपमध्ये हिशेबाची वहीच बदलली जाते. टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा, रेलचा दाब, टर्बोचा बूस्ट हे सारे नकाशे एकमेकांच्या मेळाने बदलता येतात आणि ईसीयूला खरी स्थिती कळत राहते. काम म्हणून हेच श्रेष्ठ. पण जोखीमही येथेच आहे. मूळ फाईल प्रथम वाचून जपून ठेवावी. लिहिताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावावा. मध्येच व्होल्टेज पडले तर ईसीयू निकामी होऊ शकतो. कोठून तरी मिळविलेली दुसऱ्या गाडीची फाईल टाकणे म्हणजे एकाचे माप घेऊन दुसऱ्याचा शर्ट शिवणे होय. शिवाय कंपनीच्या सर्व्हिसमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झाले की आपले काम पुसले जाते.

एक उदाहरण घ्या. मारुती सुझुकीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, तरी १२४८ सीसीचे डिझेल इंजिन असलेल्या जुन्या गाड्या आजही गॅरेजमध्ये येतात. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस व १९० न्यूटन मीटर देते. सियाझमध्ये ९० पीएस व २००. गिऱ्हाईक म्हणते, इंजिन एकच, मग आमचेही ९० करा. पण सियाझचा टर्बो व्हेरिएबल जॉमेट्रीचा आहे, स्विफ्टचा साधा. हे त्याला आधीच सांगावे.

बॉक्सचा खरा फायदा असा की भांडवल कमी लागते, अर्ध्या तासात तो निघतो आणि मूळ सॉफ्टवेअरला हात लागत नाही. मात्र 'निशाणी राहत नाही, वॉरंटीत बिनधास्त जा' असे सांगून तो विकला जातो, हे आम्हांला मान्य नाही. बॉक्स काढून ठेवून कंपनीकडे क्लेम करावयाचा हा उघड दगा आहे, आणि तो शिकविणारा मेकॅनिक त्यात भागीदार ठरतो. रिमॅप केलेली गाडी न सांगता विकणे हेदेखील मालातील ऐब लपविण्यासारखेच आहे. तेव्हा काय केले ते बिलावर लिहून द्यावे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरबदलास मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. धुराच्या तपासणीत नापास होणारी गाडी तर आपल्या हातून बाहेर पडताच कामा नये.

कोणताही मार्ग घेतला तरी कामाआधी बूस्टचे पाईप, टर्बोच्या शाफ्टची ढिलाई व क्लच पाहावे. स्कॅनरवर दाबाची नोंद आधी व नंतर घ्यावी. बॉक्स लावला असेल तर स्कॅनरही फसविलेलाच दाब दाखवितो, हे ध्यानात असू द्यावे. क्लच घसरत असेल तर त्या दिवशी काम करू नये. आधी क्लचचा खर्च सांगावा, मग गिऱ्हाइकाला ठरवू द्यावे.