‘ग्रह’ शब्दाची व्याप्ती : व्याख्या, वर्गीकरण आणि लोकमानस

शास्त्रीय परिभाषा घडविताना भारतीय भाषांपुढे दोन मार्ग असतात. नव्या कल्पनेसाठी नवा शब्द घडविणे हा एक. रूढ शब्दालाच नवा अर्थ देणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने जाताना जुना अर्थ सहसा लोप पावत नाही. तो नव्या अर्थाच्या शेजारी नांदत राहतो. ‘ग्रह’ हा शब्द याचे ठळक उदाहरण होय. ज्योतिर्विदांनी केलेली ग्रहाची व्याख्या आणि तिच्यावर उमटलेली लोकप्रतिक्रिया यांचा विचार भाषेच्या अभ्यासकाने का करावा, हे या शब्दाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

‘ग्रह’ हा शब्द ‘ग्रह्’ म्हणजे धरणे, पकडणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. युरोपीय भाषांतील समानार्थी शब्दाचे ग्रीक मूळ ‘भटकणारा’ असे आहे. तेथे नामकरणाचे निमित्त गती आहे, येथे प्रभाव. म्हणूनच मराठीत ‘ग्रह फिरणे’ या वाक्प्रचाराचा रोख आकाशाकडे नसून माणसाच्या दैवाकडे असतो. आणि ‘एखाद्याचा ग्रह होणे’ यात तर मनाने धरलेली समजूत अभिप्रेत असते. नवग्रहांत सूर्य व चंद्र यांचा समावेश आहे. राहू व केतू हे तर गोलच नव्हेत; चंद्राचा मार्ग क्रांतिवृत्ताला ज्या दोन ठिकाणी छेदतो ते हे बिंदू होत. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने ग्रहणांची उपपत्ती छायेच्या आधारे सांगितली, तरी नवग्रहांतील राहू-केतूंचे स्थान अढळ राहिले. नऊ ही संख्या लोकमनात इतकी पक्की झाली, की जावयाला दहावा ग्रह म्हणणारी लोकोक्ती रूढ झाली.

नव्या ज्योतिर्विज्ञानाने या शब्दाचा आशय बदलला. सूर्य-चंद्र त्यातून वगळले गेले आणि पृथ्वी त्यात आली. १७८१ साली विल्यम हर्शेल यांना सापडलेला युरेनस मराठीत शोधकाच्याच नावाने ‘हर्षल’ झाला. १८०१ साली पियाझी यांना सापडलेला सिरीस काही दशके ग्रहच गणला जात होता. परंतु त्याच पट्ट्यात तसेच अनेक गोल सापडू लागल्यावर तो ‘लघुग्रहां’त गेला. १८६१ साली पॉगसन यांनी मद्रास वेधशाळेतून शोधलेला ‘एशिया’ हाही लघुग्रहच. प्लूटोच्या आधीही एका ग्रहाची पदवी अशी काढून घेतली गेली होती, हे या संदर्भात लक्षात घेणे अगत्याचे आहे.

नेपच्यूनपलीकडील ग्रहाच्या शोधातही एका मराठी गणितज्ञाचा प्रवेश झाला होता. आजच्या कर्नाटकातील नरगुंद येथे जन्मलेले व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली फ्रेंच ज्योतिर्विज्ञान संस्थेच्या पत्रिकेत अशा दोन ग्रहांचे भाकीत केले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचा प्रदक्षिणाकाल त्यांनी सुमारे २४२ वर्षे मानला होता. १९३० साली क्लाइड टॉमबाव यांना सापडलेल्या प्लूटोचा काल सुमारे २४८ वर्षे आहे. हे साम्य लक्षवेधी असले तरी त्यावरून भाकीत सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. भाकिताचा आधार ग्रहगतींमधील संख्यात्मक प्रमाणे हा होता. त्यामागे प्लूटोच्या आकर्षणाचा पुरावा नव्हता, आणि प्लूटोचे वस्तुमान तसा पुरावा मिळण्याच्या दृष्टीने फारच अल्प आहे.

निरीक्षण आणि वर्गीकरण या दोन निराळ्या क्रिया आहेत, हे बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या इतिहासातील एका प्रसंगावरून उत्तम प्रकारे दिसते. मद्रास वेधशाळेची परंपरा कोडाइकनालमार्गे ज्या संस्थेकडे आली, ती हीच. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्याच्या आड येणार होता. संस्थेच्या कावलूर येथील दुर्बिणीतून जे. सी. भट्टाचार्य व के. कुप्पुस्वामी यांनी वेध घेतला, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश अनपेक्षितपणे क्षणभर मंदावलेला आढळला. ‘नेचर’ या नियतकालिकातील टिपणात त्यांनी याचा अर्थ ‘युरेनसचा नवा उपग्रह’ असा लावला. त्याच घटनेच्या वेळी अमेरिकी विमानस्थ वेधशाळेतून ग्रहाच्या दोन्ही बाजूंना असे प्रकाशक्षय सममितीने नोंदले गेले. त्यावरून ती कडी असल्याचे निश्चित झाले. कावलूरची नोंद अचूकच होती. बदलला तो तिचा वर्ग.

ज्या आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघाचे अध्यक्षपद या संस्थेचे प्रमुख वैनू बाप्पू यांनी १९७९ पासून १९८२ पर्यंत भूषविले, त्याच संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे सूर्यमालेपुरती ग्रहाची व्याख्या केली. गोलाने सूर्याभोवती फिरावे. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने त्याला जवळजवळ गोल आकार आलेला असावा. आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला असावा, या त्या तीन अटी. प्लूटो तिसऱ्या अटीत बसला नाही. ग्रह आठ राहिले. प्लूटो, सिरीस व एरिस, आणि पुढे माकेमाके व हौमिया, यांना मराठीत ज्याला ‘बटुग्रह’ म्हणतात तो वर्ग मिळाला.

येथे समासाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘उपग्रह’ म्हणजे ग्रह नव्हे, हे उपसर्गच सांगतो. ‘बटुग्रह’ मात्र कर्मधारय वाटतो; म्हणजे तो लहान असला तरी ग्रहच ठरतो. संघाच्या निर्णयानुसार तो ग्रह नव्हे. आठ गोलांना ‘अभिजात ग्रह’ म्हणावे अशी दुरुस्ती प्रागच्या सभेत मांडली गेली होती. ती मान्य झाली असती तर ‘ग्रह’ हे दोन्ही वर्गांचे सामान्य नाम झाले असते. ती फेटाळली गेली. वादाचे मूळ असे व्याकरणाच्या प्रांतात पोचते.

लोकप्रतिक्रिया अमेरिकेत तीव्र होती. टॉमबाव यांचे वास्तव्य असलेल्या न्यू मेक्सिको राज्याच्या प्रतिनिधिगृहाने २००७ साली, आणि त्यांच्या जन्मराज्याच्या, इलिनॉयच्या, सिनेटने २००९ साली प्लूटोला ग्रह मानणारे ठराव केले. प्राग येथे केवळ ४२४ सदस्यांनी मतदान केले, हा आक्षेप खुद्द शास्त्रज्ञांनीही घेतला. भारतात पाठ्यपुस्तकांतील ‘नऊ’चे ‘आठ’ झाले. परंतु नवग्रहांना धक्का लागला नाही, कारण त्यांत प्लूटो कधी नव्हताच. दोन्ही ठिकाणी संख्या नऊच होती. वस्तू मात्र निराळ्या होत्या. बंगळूरमध्ये ताराभौतिकी संस्था आणि देवळांतील नवग्रहांच्या मूर्ती एकाच नगरात आहेत, आणि दोहोंसाठी शब्द एकच आहे.

याचा जाच होतो तो विद्यार्थ्याला. शाळेत सूर्य हा तारा आणि घरी सूर्य हा ग्रह, असे त्याला एकाच भाषेत शिकावे लागते. त्यातील एक अर्थ दुसऱ्याचे अज्ञानी रूप आहे असे सांगून हा गोंधळ मिटत नाही; जुना अर्थ वाङ्मयात, वाक्प्रचारांत आणि आचारात जिवंत आहे. कोशकारांनी दोन्ही अर्थ क्षेत्रनिर्देशासह स्वतंत्रपणे नोंदवावेत, शास्त्रीय अर्थापुढे २००६ हे वर्ष द्यावे आणि ‘बटुग्रह’ हा परिभाषेपुरता अखंड शब्द मानावा, हा मार्ग अधिक योग्य होय. व्याख्या मतदानाने ठरविता येते. शब्दाचा अर्थ मात्र तो वापरणाऱ्यांच्या संमतीनेच बदलतो.